उन्हाळ्यात व्हॅन गरम होते? पाणी ओतत राहण्याआधी हे तपासा

मार्च लागला की अकोला-खामगाव पट्ट्यात मालाच्या व्हॅनवाल्यांची एकच तक्रार सुरू होते: "गाडी पाणी खाते." किराणा, औषधं, ब्रेड, कुरिअर असा माल वाहणाऱ्या बंद बॉडीच्या छोट्या व्हॅन माझ्या हाताखालून जातात. बहुतेक पेट्रोल-सीएनजी, इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर गाडीच्या नाकाशी. दर उन्हाळ्यात हाच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त करून एक गोष्ट पक्की झाली आहे. कूलिंगचं सर्किट सगळीकडून बंदिस्त असतं, त्यातलं पाणी संपायला नको. रोज लिटरभर टाकावं लागत असेल तर ते कुठून तरी जातंय, आणि ती जागा सापडेपर्यंत बदललेला प्रत्येक पार्ट अंदाजाने बदललेला असतो.

पुढचं सगळं खर्चाच्या क्रमाने लिहिलंय: आधी फुकटचं, मग शंभर-दोनशेचं, मग हजारांचं. घरी करू नये असंही त्यात आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

"गरम होते" एवढ्याने काही कळत नाही. कधी गरम होते ते सांगा.

- गावातल्या ट्रॅफिकमध्ये किंवा दुकानासमोर इंजिन चालू ठेवून माल उतरवताना तापमानाचा काटा चढतो, पण हायवेला लागली की खाली येतो. संशय पंख्यावर. चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंखाच देतो.
- गावात ठीक, पण माल भरून राजूर घाट किंवा पातूर घाट चढताना गरम. रेडिएटर बाहेरून किंवा आतून तुंबलाय, नाहीतर वॉटर पंप, नाहीतर अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह).
- सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर. थर्मोस्टॅट बंद अडकलाय, पाण्यात हवा अडकलीय, किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधलं सील) गेलंय.
- काटा वर-खाली नाचतो. पाणी कमी आहे किंवा हवा आहे.
- रेडिएटरला जोडलेली जास्तीच्या पाण्याची बाटली भरून वाहते आणि रेडिएटर मात्र रिकामा. दोष रेडिएटरच्या झाकणाचा. नवं झाकण लावूनही तेच, तर गॅस्केटकडे बघा.
- उभ्या गाडीत एसी गरम हवा टाकतो, चालत्या गाडीत थंड. पुन्हा पंखाच.
- सीएनजीवर चालताना रिड्युसरवर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) पांढरं दव किंवा बर्फ, तेही मे महिन्यात. हे लक्षण फार कामाचं आहे. सिलिंडरमधला सुमारे २०० बारचा गॅस दाब सोडताना खूप थंड होतो, म्हणून रिड्युसरला इंजिनचं गरम पाणी दिलेलं असतं. तिथे बर्फ धरतोय म्हणजे गरम पाणी तिथपर्यंत पोचत नाही.

आणखी एक, जे चालकांना फसवतं. काटा लालवर जाऊन अचानक थंडावर पडतो आणि चालकाला वाटतं, उतरली गरमी. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी निघून गेलं की तो कोरड्या हवेत लटकतो आणि काटा खाली येतो, इंजिन मात्र भाजत असतं. हीटर चालू केला आणि गार हवा आली तर पाणी गेलंच समजा.

काही व्हॅनना काटाच नसतो, फक्त लाल दिवा. तो पेटतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशा गाडीत ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा) लावायचं ब्लूटूथ स्कॅनर घ्या, मोबाइलवर पाण्याचं तापमान आकड्यात दिसतं. माझ्या मते काट्याविना फिरणाऱ्या गाडीवर उन्हाळ्याआधी करायचा हा पहिला खर्च.

रस्त्यात उकळली तर

एसी बंद. हीटर आणि त्याचा ब्लोअर फुल. ४५ अंशांत केबिनमध्ये हीटर लावणं म्हणजे शिक्षा आहे, पण हीटरचा छोटा रेडिएटर तेवढी उष्णता इंजिनातून काढतो आणि सावलीपर्यंत पोचवतो. काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली तर तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करा, फक्त चावी चालू ठेवा म्हणजे विजेचा पंखा फिरत राहील. मागे त्रिकोण लावा, स्वतः उन्हात उभे राहू नका.

झाकणाला पाऊण तास हात लावायचा नाही. फडकं टाकून हळूच उघडतो म्हणणाऱ्यांचे हात-तोंड भाजलेले मी पाहिले आहेत. दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी दाब सुटताच एकदम वाफ होऊन उसळतं. रेडिएटरचा वरचा होज पाइप (रबरी नळी) दाबून बघा, मऊ आणि हाताला सोसवेल इतका झाला की मगच झाकण. तापलेल्या इंजिनावर वरून बादलीभर पाणी ओतणं तर अजिबात नाही. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं, आणि पाचशेच्या कामाचं पंचवीस हजारांचं काम होतं.

मे महिन्यातच का?

जानेवारीत हीच गाडी हाच माल घेऊन हाच घाट चढते आणि काटा हलत नाही. रेडिएटर किती उष्णता सोडेल हे पाण्याचं तापमान आणि बाहेरच्या हवेचं तापमान यांतल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश आणि हवा २५, म्हणजे फरक ७०. हवा ४५ झाली की फरक ५०. तोच रेडिएटर जवळजवळ तीस टक्के कमी काम करतो. त्यात डांबराच्या लगतची हवा आणखी तापलेली, आणि एसी चालू असेल तर पुढच्या कंडेन्सरने (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) गरम केलेली हवाच रेडिएटरला मिळते. थंडीत लपून राहिलेला तुंबलेला रेडिएटर, मेलेला पंखा, ढिलं झाकण अशा वेळी उघडं पडतं. उन्हाळा बिघाड तयार करत नाही, फक्त दाखवतो.

१. बाटलीवर खूण करा (फुकट)

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागी. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी तोंडापर्यंत आहे का बघा, बाटलीत किमान-कमालच्या मध्ये आहे का बघा, आणि बाटलीवर आजच्या पातळीला मार्करने रेघ मारा. नुसती बाटली बघून समाधान मानू नका. झाकण खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असू शकतो.

आठवडाभर रोज सकाळी त्याच जागी उभी करून रेघ आणि रेडिएटरचं तोंड दोन्ही बघा. दोन्हीकडची पातळी हलली नाही तर पाणी जात नाही, दोष वाऱ्याचा किंवा प्रवाहाचा आहे. उतरत असेल तर गळती आधी. या एका रेघेने पुढचं अर्धं काम वाचतं, म्हणून कोणीही "पंप गेलाय" म्हणाला तरी मी आधी हीच मारायला सांगतो.

उतरणारं पाणी शोधायच्या जागा: रात्री उभ्या गाडीखाली पुठ्ठा टाका, थेंब कुठे पडला ते दिसेल. होजच्या जोडांवर हिरवे, गुलाबी किंवा पांढरे वाळलेले डाग बघा. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यातलं रंगीत द्रव) इंजिनच्या गरमीने वाळतं, थेंब दिसत नाही, डाग राहतो. सीएनजी असेल तर रिड्युसरकडे जाणारे दोन बारीक पाइप आणि त्यांचे क्लॅम्प जरूर बघा. किट नंतर बसवलेलं असेल तर जुन्या पाइपमध्ये टी (T आकाराचा तुकडा) टाकून जोड दिलेला असतो, आणि गळती बऱ्याचदा त्या टीवरच मिळते. केबिनमध्ये गोडसर वास आणि पायाखालची मॅट ओली असेल तर हीटरचा रेडिएटर फुटलाय.

२. नाकासमोरचा कचरा (फुकट)

आमच्याकडे कापूस. जिनिंगच्या परिसरात फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या जाळीत सरकीचं लिंट आणि धूळ मिळून जाड थर बसतो. त्यावर सोयाबीन-तुरीचा भुसा, किडे, आणि दसऱ्याला बांधलेल्या झेंडूच्या हाराच्या पाकळ्या, ज्या मार्चपर्यंत तिथेच वाळत असतात. एसीच्या गाडीत पुढे कंडेन्सर, मागे रेडिएटर, आणि खरा कचरा त्या दोघांच्या फटीत असतो. समोरून बघितलं तर स्वच्छ दिसतं. टॉर्च लावून वरून फटीत बघा.

इंजिन थंड असताना, साध्या नळाच्या धारेने, शक्यतो आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा. कचरा आला तसा परत जायला हवा. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारू नका, पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते.

त्याच वेळी गाडीच्या तोंडावर काय काय लावलंय तेही बघा. जास्तीचे लाइट, जाड बंपर गार्ड, जाळीवर चिकटवलेली जाहिरातीची पाटी. एका गाडीला सगळे पार्ट नवे टाकूनही फरक पडत नव्हता. जाळीवरचा फ्लेक्स काढला आणि घाटात काटा मधे थांबला.

३. गाडी मोकळी फिरते का (फुकट)

सपाट जागी न्यूट्रलमध्ये एका माणसाने ढकलून बघा. जड जात असेल तर मागचा ब्रेक धरून बसलाय किंवा हँडब्रेकची केबल ताणलेली आहे. ब्रेक घासत चाललेली गाडी इंजिनला सतत चढावर असल्यासारखी पडते. टायरची हवा थंड टायरवर, दरवाज्यावरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे, भरलेल्या गाडीची.

मालाबद्दल प्रवचन देत नाही. पास वजनापेक्षा जास्त भरून मेच्या दुपारी घाट चढणाऱ्या गाडीला कोणताही नवा पार्ट वाचवणार नाही. चढावर मोठ्या गिअरमध्ये कण्हत चढवण्यापेक्षा एक गिअर खाली घ्या. फेरे वाढतात म्हणजे वॉटर पंप जास्त पाणी ढकलतो, आणि इंजिन धडपडत नाही. घाट सुरू होण्याआधी एसी बंद.

४. झाकण (शंभर-दोनशे)

सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि सगळ्यात कमी लोक बदलतात. झाकणातली स्प्रिंग सर्किटमध्ये दाब धरून ठेवते. कुकरसारखंच, दाब वाढला की उकळायला जास्त तापमान लागतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये. ०.९ बार दाब धरला तर साधं पाणी सुमारे ११८ अंशांना उकळतं, निम्मं कूलंट असेल तर सव्वाशेच्या आसपास. स्प्रिंग गेली की तेच पाणी शंभरला उकळतं, आणि चढावर एवढी गरमी कोणत्याही धडधाकट इंजिनात होते. म्हणजे इंजिनात दोष नसताना गाडी उकळते.

रबर कडक किंवा चिरलेलं, मधलं छोटं व्हॉल्व्ह गंजलेलं, स्प्रिंग बोटाने सहज दबते: बदला. त्याच आकड्याचं घ्या. "जास्त दाबाचं टाका, उकळणारच नाही" हा सल्ला ऐकू नका, जुने होज आणि रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी तो दाब झेलत नाही. थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणाचं उलटं व्हॉल्व्ह अडकलंय, बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही.

५. पंखा

उभी गाडी गरम होत असेल तर सरळ इथेच या. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक व्हॅनमध्ये एसी लागताच पंखा फिरायला हवा. फिरला तर मोटर जिवंत आहे. एसीवर फिरतो पण पाणी तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर. कशावरच फिरत नाही, तर आधी फ्यूज (दहा-वीस रुपये), मग रिले (पंख्याला करंट सोडणारा छोटा विजेचा स्विच). हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, एक पैसा लागत नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका. मोटर जाम होऊन जास्त करंट ओढतेय. मोठ्या फ्यूजने मोटर वाचणार नाही, वायरिंग मात्र जळेल.

मोटरला बॅटरीवरून फ्यूज घातलेल्या वायरने थेट करंट द्या. फिरत नसेल तर मोटर गेली. हलकं ठोकल्यावर फिरली तर कार्बन ब्रश संपलेत, थोडेच दिवस चालेल. हात घालताना लक्षात ठेवा, तापलेल्या गाडीत पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. बॅटरीची काळी तार काढूनच हात घाला.

पंख्याची मोटर किंवा तिच्या वायरचा प्लग नुकताच बदलला असेल तर आणखी एक बघा. दोन वायरी उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो. इंजिनाकडच्या बाजूला बसवलेल्या पंख्याने हवा समोरून आत ओढायला हवी. जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरा, तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून गेला तर पंखा पुढून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतोय. हा दोष चांगल्या चांगल्या गॅरेजच्या नजरेतून सुटतो, कारण पंखा फिरताना दिसतो आणि सगळे पुढे जातात. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून फेकलेलं असेल तर तेही परत बसवा, त्याच्याविना पंखा इंजिनकडची गरम हवाच फिरवत बसतो.

"पंखा डायरेक्ट केला" हा आमच्याकडचा आवडता उपाय. स्विच टाकून बॅटरीवरून जोडतात. जाड वायर, फ्यूज आणि रिले घातलेला असेल तर घरी पोचायला ठीक. कायमचा नको. चालक स्विच विसरतो, आणि मूळ बिघाड सेन्सरमध्ये असेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरलाही चुकीचं तापमान जात राहतं, त्याने मायलेज बिघडतं.

६. होज, क्लॅम्प, बेल्ट

थंड इंजिनवर होज दाबा. कुरकुर आवाज, फुगवटा, चिकटपणा, टोकाशी चिरा: बदला. खालच्या होजकडे विशेष लक्ष. पंप त्यातून पाणी ओढतो, होज मऊ झाला असेल तर फेरे वाढले की तो आत बसतो आणि प्रवाह तुटतो. गाडी उभी असताना दिसत नाही, रेस दिल्यावरच दिसतं. हायवेला गरम आणि गावात ठीक, याचं हे एक कारण.

पंप बेल्टवर चालत असेल तर बेल्ट अंगठ्याने दाबा, साधारण बोटाच्या रुंदीइतका दबला तर ठीक. चकचकीत झालेला किंवा भेगा पडलेला बेल्ट घसरतो. सकाळी चीं आवाज येतो तो त्याचाच.

७. पाणी कसलं आहे?

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आमच्या भागातला मूळ रोग हाच.

पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. दर्यापूर, अकोट, शेगाव, संग्रामपूर. तिथल्या बोअरचं पाणी माणसाला बाधतं हे सगळ्यांना माहीत, पण तेच पाणी ढाब्यावरच्या बादलीतून रेडिएटरमध्ये जातं. पाणी उकळून जातं, क्षार मागे राहतात. दर वेळी लिटरभर टाकलं की दर वेळी नवा थर. रेडिएटरच्या नळ्या आतून अरुंद होतात, इंजिनाच्या भिंतीवर क्षार बसून उष्णता पाण्यात उतरत नाही, आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम कुरतडतं. म्हणून एक साधी गळती दोन उन्हाळ्यांत रेडिएटर, पंप आणि हेडपर्यंत पोचते.

झाकण उघडल्यावर पाणी विटकरी किंवा चहासारखं दिसलं, तोंडाशी पांढरी खर दिसली, तर सगळं काढून नवं भरा. डिस्टिल्ड वॉटर वापरा. पेट्रोल पंपावर बॅटरी वॉटर म्हणून मिळतं, फक्त लेबल वाचा, अ‍ॅसिड नको. कूलंट तयार मिश्रण असेल तर पाणी घालू नका, कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावरचं प्रमाण पाळा. "इथे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?" असं विचारणारे असतात. उकळबिंदू वाढवणं, गंज थांबवणं आणि पंपाच्या सीलला तेलकटपणा देणं ही त्याची कामं आहेत, गोठणं आपल्याकडे विषयच नाही. उलट नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर गाडी आणखी तापते, कारण पाणी उष्णता जास्त वाहून नेतं. दोन रंगांची, वेगळ्या जातीची कूलंट मिसळू नका, कधी कधी गाळ बनतो. रंगावरून जात ओळखता येत नाही, डब्यावरचं वाचा.

काढलेलं कूलंट नालीत किंवा गोठ्याजवळ ओतू नका. गोडसर लागतं, कुत्री-गुरं पितात आणि मरतात.

गळतीवर हळद टाकण्याचा जुना उपाय चालतो, घरी येईपर्यंत. पोचल्यावर धुऊन काढा, नाहीतर तीच हळद हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. बाजारातल्या स्टॉप-लीक पावडरचंही तेच.

८. हवा काढणं

इंजिन सीटखाली आणि रेडिएटर नाकाशी असलेल्या व्हॅनमध्ये लांब पाइप असतात, आणि पाणी बदलल्यावर त्यांत हवा हमखास अडकते. "परवाच कूलंट बदललं, तेव्हापासून गरम होते" म्हणणाऱ्यांच्या गाडीत मला बऱ्याचदा एवढंच मिळतं.

पुढची चाकं उताराच्या वरच्या बाजूला येतील अशी गाडी लावा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. इंजिन थंड. हीटर फुल गरमवर. झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून पाण्याची सलग धार येईपर्यंत तो सैल. इंजिन सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा, होज हाताने दाबत राहा, पातळी उतरली की भरा, पाणी वर यायला लागलं की लगेच झाकण. हीटरमधून कडक गरम हवा आली की सर्किट भरलं. सीएनजी रिड्युसरचे दोन्ही पाइप हाताला गरम लागले पाहिजेत.

९. थर्मोस्टॅट

इंजिन पूर्ण तापलं तरी खालचा होज गारच आहे, तर थर्मोस्टॅट उघडत नसावा. काढून त्याच्या तोंडात धागा अडकवा, पाण्याच्या पातेल्यात लटकवा, थर्मामीटर सोबत, आणि पाणी तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, साधारण तेवढ्यावर धागा सुटून थर्मोस्टॅट खाली पडला पाहिजे. पडला नाही तर नवा घ्या, तोही त्याच आकड्याचा.

"वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाका, गाडी थंड चालेल" हा सल्ला तुम्हाला मिळेलच. थंडीत इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं, आणि घाटात गाडी आधीपेक्षा लवकर उकळते.

१०. इथून पुढे गॅरेज

वरचं सगळं झालं, रेघ हलत नाही, पंखा चालतो, पाणी स्वच्छ आहे, तरी भरल्या गाडीला गरम. तर रेडिएटर आतून तुंबलाय. तापमान मोजायची बंदूक असेल तर गरम गाडीत रेडिएटरच्या पृष्ठभागावर फिरवा, मधे एखादा पट्टा बाकीपेक्षा बराच गार लागला तर तिथून पाणी जात नाही. जुना पितळी-तांब्याचा रेडिएटर उघडून त्याचं रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून साफसफाई) करता येतं. प्लॅस्टिकच्या टाकीचा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर माझ्या मते रॉडिंगवर पैसे घालू नका, नवा घ्या. खारं पाणी प्यालेल्या गाडीत नळ्याच पातळ झालेल्या असतात.

वॉटर पंपाखाली एक छोटं भोक असतं, तिथून ओघळ दिसला किंवा पुली हलवल्यावर खेळ लागला तर पंप गेला. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टच्या मागे असतो, तो घरी उघडायचा नाही. टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह वाकू शकतात.

खालीलपैकी एकही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा:

- ऑइलच्या डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दूधचहाच्या रंगाचा फेस
- गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर आणि गोडसर वास
- थंड इंजिन सुरू करताच मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक
- रेडिएटरच्या तोंडात न थांबणारे बुडबुडे
- सकाळी सुरू होताना मिसिंग (इंजिन अडखळणं), आणि पाणी कमी पण बाहेर कुठेच डाग नाही

हे सगळं हेड गॅस्केटकडे बोट दाखवतं. पाणी मिसळलेल्या ऑइलवर आणखी वीस किलोमीटर चालवलं तर क्रँकच्या बेअरिंगही जातात. आधी ब्लॉक टेस्ट करायला सांगा. रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव धरतात, पेट्रोल इंजिनात सिलिंडरचा गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं होतं. हेड उघडल्याशिवाय खात्री करून देणारी ही स्वस्त परीक्षा आहे. हेड उघडलंच तर सपाटपणा पट्टी लावून तुमच्यासमोर मोजायला लावा, आणि तड्यासाठी प्रेशर टेस्ट मागा. नुसतं गॅस्केट बदलून वाकलेलं हेड परत बसवलं तर महिन्याभरात परत तिथेच.

सीएनजीच्या बाबतीत: रिड्युसरचे पाण्याचे पाइप आणि क्लॅम्प तुम्ही बघा, रिड्युसर किंवा गॅसचा पाइप अधिकृत किटवाल्याशिवाय कोणी उघडू नये.

गॅरेजला गाडी देताना "गरम होते" एवढंच सांगून चावी टाकून येऊ नका. कधी गरम होते, बाटलीची रेघ रोज किती उतरते, आणि तुम्ही स्वतः काय काय बदललंय, हे कागदावर लिहून द्या. काढलेले जुने पार्ट परत मागा. गाडी परत घेताना गॅरेजसमोर दहा मिनिटं रेस देऊन "बघा, ठीक आहे" यावर पैसे देऊ नका. माल भरून दुपारी एक चढ करा, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी थंड इंजिनवर रेघ बघा. हवा काढल्यानंतर पहिल्या दिवशी थोडी उतरते, ते भरा. तिसऱ्या सकाळीही उतरलेली असेल तर बिल घेऊन परत जा.